सुट्टी कुणाच्या खात्यावर?

एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं पार पडली की वाट्याला येते ती एक वर्षाची सक्तीची फिरती इंटर्नशिप. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ साली तिचे नियम नव्याने केले. त्यांत आठवड्यांचा हिशोब नेमका मांडलेला आहे: मेडिसिन ६ आठवडे, सर्जरी ६, स्त्रीरोग आणि प्रसूती ७, कम्युनिटी मेडिसिन १२, मग डोळे, कान-नाक-घसा, मानसोपचार यांचे लहान तुकडे, आणि भारतीय चिकित्सापद्धतींसाठीही १ आठवडा. या साऱ्या वर्षात रजा मिळते ती जास्तीत जास्त १५ दिवस, आणि तीही आधी मंजूर करून घेतली तर. त्यापुढे दिवस गेले की तेवढी इंटर्नशिप लांबते.

या १५ दिवसांत दिवाळी, होळी, घरातलं एखादं लग्न, एक आजारपण आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास बसवायचा असतो. कित्येक इंटर्न सणाचं नावच काढत नाहीत. रजा शिल्लक ठेवतात, नीट-पीजीच्या आधी सलग घेतात आणि ती खोलीचं दार लावून पुस्तकांवर खर्च करतात. घरचे विचारतात, सुट्टी होती ना, मग आली का नाहीस?

झाशीच्या बडा बाजारात, राणी महालाहून फार लांब नसलेल्या एका मराठी घरात, यंदा महालक्ष्म्या जेवल्या त्या दुपारी याच प्रश्नावरून आत्या आणि भाची यांची जुंपली. ही घरं या शहरात जुनी. १७४२ साली नारो शंकर पेशव्यांच्या वतीने इथे आले आणि किल्ल्याचा विस्तार केला. मागून नेवाळकर सुभेदार झाले, आणि त्यांच्या आश्रयाने कोकणातून, देशावरून आलेली कुटुंबं इथेच रुजली. १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं, ते आजही इथल्या मराठी माणसांचं एकत्र यायचं ठिकाण आहे. घराबाहेर हिंदी-बुंदेली, घरात मराठी, आणि भाद्रपदात पुरणावरणाचा स्वयंपाक.

आत्या निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ. १९६८ साली सुरू झालेल्या इथल्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात सत्तरच्या दशकात शिकलेली. भाची सध्या दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात इंटर्न. ती रात्रीच्या गाडीने आली, दुपारी जेवली, आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होती. एवढ्यासाठी तिने सोबतच्या मुलांच्या रात्रपाळ्या अंगावर घेतल्या होत्या. त्या परतफेडीच्या रात्री अजून व्हायच्या होत्या.

"एका दिवसासाठी एवढी घासाघीस," ती म्हणाली. "रजा मागायला गेले तर सर म्हणाले, डॉक्टर झालीस की सण विसरायचे. मी सण विसरायला तयार आहे गं. पण महिन्यातून एकदा सलग आठ तास झोपायला मिळेल, एवढं तरी सांगा म्हणावं."

आत्याचं उत्तर तयार होतं. "तुझे सर बोलले ते उद्धट वाटलं असेल, पण खोटं नाही. आजार कॅलेंडर बघून येत नाही. दिवाळीला भाजलेले येतात, होळीला अपघात, पावसाळ्यात साप चावलेले, मे महिन्यात उष्माघाताचे. म्हणजे लोकांना सुट्टी असते तेव्हाच आपला वॉर्ड भरतो. हे माहीत असूनच आपण या धंद्यात आलो."

यात तिने जे पुढे सांगितलं ते नुसतं दटावणं नव्हतं. एक्लॅम्प्शियाच्या, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. औषध जीव वाचवतं, पण जास्त झालं तर श्वास बंद पाडतं. म्हणून पुढची मात्रा देण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, मिनिटाला श्वास किती, आणि तासाला लघवी किती. "मी खाटेशेजारी स्टूल टाकून बसायचे. पहिल्या तासाला पाय चांगला उडायचा. तिसऱ्या तासाला जरा मंद. हा 'जरा' पुस्तकात नसतो. तीच बाई, तोच गुडघा, आणि बघणारी तीच मी, म्हणून तो मला कळायचा. मध्ये पाळी बदलली असती तर दुसरीला तो पहिलाच वाटला असता."

वैद्यकशास्त्रातला हा जुना आणि भक्कम युक्तिवाद आहे: आजार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच नजरेने पाहिला, तरच कळतो. त्यासाठी आत्याने महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेतलं, आणि ते घ्यायलाच हवं होतं. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, पटापट दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसले, नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हृदय थकून फुप्फुसात पाणी भरतं, त्याने माणूस जातो. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यूंचं प्रमाण कमालीचं उतरलं. एका खेड्यातल्या डॉक्टरने जगाला दिलेलं हे ज्ञान आठ तासांची पाळी संपवून घरी गेल्याने मिळालं नसतं.

"बावस्करांचं नाव तू घेशील हे मला माहीतच होतं," भाची म्हणाली. "ते खाटेशेजारी बसले होते, आत्या. मी कुठे बसते ते ऐक."

मग तिने आदल्या आठवड्यातली एक रात्र सांगितली. रक्ताच्या नळ्या भरायच्या, त्यांवर नावं चिकटवायची, त्या स्वतः तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायच्या, कारण रात्री वॉर्डबॉय एकच असतो आणि तो स्ट्रेचर ओढत असतो. रिपोर्ट आणायला पुन्हा खाली. सीटी स्कॅनचा फॉर्म, त्यावर सही, सहीसाठी सीनियरचा शोध. रक्तपेढीत नातेवाईकाला पाठवलं तर तो चुकीचा कागद घेऊन परत येतो, म्हणून तिथेही स्वतःच. सकाळच्या राउंडआधी सगळ्या केसपेपरांवर नोंदी उतरवायच्या. "रात्रभरात मी कुणाच्या पोटाला हात लावून नीट तपासलं असेल तर ते दोघा-तिघांना. बाकीची रात्र जिन्यात गेली. तू ज्याला शिक्षण म्हणतेस ते मलाही हवंय. पण तास मोजले की त्यात सगळंच धरतात, स्टूलही आणि जिनाही."

वादाची खरी गाठ इथे आहे. जास्त तास विरुद्ध कमी तास असं भांडण मांडलं की दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर ठरतात आणि काहीच पुढे सरकत नाही. तास कशात जातात हे विचारलं की वेगळंच दिसतं. विद्यार्थ्याची सुट्टी बऱ्याचदा रुग्ण खात नाही; न भरलेली वॉर्डबॉयची जागा खाते, रात्री नसलेला तंत्रज्ञ खातो. खर्च रुग्णालयाचा असतो आणि तो इंटर्नच्या झोपेतून वळता केला जातो.

थकव्याची किंमत काय, याची आकडेवारी परदेशांतून आली आहे. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यापासून काही तासांतच गेली. ती आधीपासून घेत असलेल्या एका औषधाशी न जुळणारं इंजेक्शन तिला दिलं गेलं होतं, आणि तिच्यावर नजर ठेवणारी शिकाऊ डॉक्टर त्याच वेळी इतर कितीतरी रुग्ण सांभाळत होती. वडील पत्रकार होते. त्यांनी प्रकरण तडीस नेलं. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांचे तास आठवड्याला ८० वर बांधले, २००३ पासून ती मर्यादा साऱ्या अमेरिकेत आली. २००४ साली बॉस्टनच्या अतिदक्षता विभागांतल्या इंटर्नवरचा अभ्यास छापून आला: २४ तासांहून लांब पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका जवळजवळ ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या.

भाचीने हा आकडा फोनवर काढून दाखवला. आत्याने चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, "आता २०१६चाही काढ."

तिचा रोख ज्या अभ्यासाकडे होता तो अमेरिकेतल्या ११७ सर्जरी प्रशिक्षण कार्यक्रमांचा. काहींनी पाळीच्या कडक मर्यादा पाळल्या, काहींना त्या सैल करण्याची मुभा दिली. आठवड्याचे एकूण तास मात्र दोन्हीकडे ८०च्या आतच. रुग्णांच्या मृत्यूंत किंवा गंभीर गुंतागुंतींत फरक आढळला नाही. "म्हणजे पाळ्या तोडल्याने रुग्ण वाचतोच असं नाही," आत्या म्हणाली. "एका चुकीच्या जागी दुसरी येते. थकलेला डॉक्टर जातो आणि रुग्ण माहीत नसलेला डॉक्टर येतो."

"कबूल. पण तिथे सैल म्हणजेसुद्धा ८० होते. आपल्याकडे ८० ही कडक मर्यादा वाटेल!"

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. ५ जून १९९२ च्या केंद्राच्या निवासी योजनेत लिहिलं आहे की निवासी डॉक्टरचं सलग काम साधारणपणे दिवसाला १२ तासांपुढे जाऊ नये, आठवड्याला ४८ तास असावेत आणि पाळीपाळीने एक साप्ताहिक सुट्टी मिळावी. या घरातल्या भाचीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांनी वर्षाला किमान २० दिवसांची पगारी किरकोळ रजा, आठवड्याला एक सुट्टी आणि 'वाजवी' कामाचे तास सांगितले. वाजवी म्हणजे किती, ते मोकळं सोडलं. २०२४ साली आयोगाच्याच कृती दलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवी विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती, आणि त्यांतल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक विकाराचं निदान झाल्याचं सांगितलं. दर चारांत एकाहूनही जास्त! दलाने शिफारस केली ती निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांची कमाल, एक दिवस सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप. म्हणजे १९९२ च्या कागदावर ४८ होते आणि ३२ वर्षांनी शिफारस ७४ची करावी लागली. मधल्या काळात वॉर्डात प्रत्यक्ष काय चाललं असेल, ते या दोन आकड्यांवरून समजतं.

आत्या हे ऐकून गप्प बसली नाही. तिने एक रात्र काढली जी झाशीतला कुणी विसरलेला नाही. १५ नोव्हेंबर २०२४. तिच्याच महाविद्यालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला रात्री आग लागली. खिडक्या फोडून बाळं बाहेर काढावी लागली. त्या रात्रीच दहा बाळं गेली, पुढच्या दिवसांत आणखीही. त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. शहरात दिवे लागले होते.

"सणाची रात्र होती," आत्या म्हणाली. "त्या रात्री तिथे जे हजर होते, त्यांच्या हातांनी बाळं बाहेर आली. सगळ्यांनी सण साजरा करायचा ठरवला असता तर?"

भाचीला उत्तर द्यायला वेळ लागला. "मी कधी म्हटलं की कुणीच नसावं? मी म्हणते पुरेसे असावेत. रात्री कमी माणसं, सणाला त्याहून कमी, आणि जी आहेत ती आदल्या रात्रीची जागी. आग लागली तर धावायला पाय शाबूत हवेत ना?"

या मुद्द्यावर दोघींच्यात अंतर उरलं नव्हतं, हे दोघींनाही कळलं असावं, कारण बोलणं एकदम खाली, कामाच्या तपशिलावर आलं. डॉक्टरांच्या घरात असंच होतं.

आत्याची खरी भीती हँडओव्हरची होती. एकाने रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवताना काहीतरी सांडतं. तिने पावसाळ्यातलं उदाहरण घेतलं. रात्री दोन वाजता घोणस चावलेला शेतकरी येतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन नळी २० मिनिटं न हलवता ठेवायची, मग तिरकी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलं नाही, तर विष चढलं आहे. प्रतिविषाच्या, म्हणजे एएसव्हीच्या, दहा बाटल्या द्यायच्या आणि सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा करायची. तरीही गोठलं नाही तर आणखी प्रतिविष.

"दोनचे सहा तासांनी किती वाजतात?"

"आठ."

"आणि पाळी कधी बदलते?"

"आठला," भाची म्हणाली.

"मग? जाणारी म्हणते, साप चावलेला आहे, एएसव्ही गेलंय, बरा आहे. येणारी म्हणते, ठीक. आठची नळी कुणीच लावत नाही. दुपारी हिरड्यांतून रक्त येतं तेव्हा सगळे धावतात. तुझी सुट्टी मला खुपत नाही गं. ही आठची नळी खुपते."

याहून चांगला आक्षेप या विषयावर घेता येणार नाही. पण त्याचं उत्तरही दिलं गेलं आहे. २०१४ साली उत्तर अमेरिकेतल्या नऊ बालरुग्ण विभागांत हँडओव्हरची शिस्त लावून पाहिली: रुग्ण किती गंभीर, त्याची थोडक्यात हकिगत, काय करायचं बाकी आहे, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते सगळं परत म्हणून दाखवायचं. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी. त्यासाठी यंत्र लागलं नाही. शिकवणं, एक छापील कागद आणि पाळी बदलताना दोघांनी एकत्र काढलेला थोडा शांत वेळ लागला. आपल्याकडे तो वेळच नसतो, कारण जाणारा अजून नळ्या वाहत असतो आणि येणारा दुसऱ्या वॉर्डात अडकलेला असतो. आठची नळी चुकते ती कुणी घरी गेल्यामुळे नव्हे, जाणाऱ्याला बोलायला उसंत न दिल्यामुळे.

आत्या यावर एवढंच म्हणाली, "परत म्हणून दाखवायचं, हे चांगलं आहे. आमच्या मॅडम करून घ्यायच्या. पण त्यांच्यापुरतंच होतं ते, त्या गेल्या आणि संपलं."

मध्येच आनंदीबाई जोशींचा विषय निघाला. मराठी घरात मुलगी डॉक्टर होते तिथे तो निघतोच. आत्याने तो कष्टाचा दाखला म्हणून काढला: १८ वर्षांची मुलगी १८८३ साली समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेली, थंडी आणि आजार सोसत शिकली, ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली, तिने कुणाकडे रजा मागितली? भाचीला त्या गोष्टीतला दुसरा भाग आठवत होता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिसिया कार्पेंटर यांचं घर होतं. सुट्ट्या लागल्या की आनंदीबाई तिथे जात. तिथे त्यांना घर होतं, मायेचं माणूस होतं. शिवाय पदवीनंतर त्यांनी बॉस्टनच्या रुग्णालयात काम केलं, त्याच वर्षी खालावलेल्या प्रकृतीने त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. "त्यांचे कष्ट आपण सगळ्यांना सांगतो," भाची म्हणाली. "रोझेल कुणालाच सांगत नाही."

आत्याने हे मानलं की नाही, ते तिने दाखवलं नाही. तिने अंबिलीचा डबा भरायला घेतला, आणि भरता भरता अगदी व्यवहाराचं विचारलं, "दिवाळीचा रोस्टर कोण लावतं तुमच्याकडे?"

"सीनियर रेसिडेंट. आदल्या आठवड्यात."

"आठवडा कमी आहे. महिनाभर आधी लावायला सांगा. आणि ईद, ख्रिसमस, दिवाळी सगळे एकाच कागदावर. आमच्या वेळी एक मुसलमान मुलगा दर दिवाळीला माझी रात्र करायचा, मी त्याची ईद. ते आमचं आपसातलं होतं, कुठे लिहिलेलं नव्हतं."

"तेच तर! आपसातलं होतं म्हणून चाललं. ज्याचं कुणाशी जमत नाही, नवीन आलाय, दुसऱ्या राज्यातला आहे, त्याने काय करायचं? वर्षभर त्याच्याच रात्री. सुट्टी कागदावर हवी, आत्या, ओळखीवर नको."

"बरं, कागदावर घे. पण माझी एक अट त्याच कागदावर लिही. पाळी संपली आणि खाटेवरची बाई झटक्यात आहे, तर उठायचं नाही. घड्याळ बघायचं नाही."

"नाही उठणार. पण ते तास वहीत चढवायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेवढे मोकळे द्यायचे."

"वहीत?" आत्याला हे काही केल्या पटेना. रुग्णाजवळ थांबल्याची नोंद करायची आणि मोबदला मागायचा, हे तिच्या संस्कारात बसत नव्हतं. भाचीचं म्हणणं, नोंद झाली नाही म्हणूनच तर १९९२ चा कागद कागदच राहिला. कोण किती तास उभं आहे हे कुणी लिहीत नाही, तोवर वॉर्डबॉयच्या जागा भरायला हव्यात हे सरकारला कोण दाखवणार? आत्याने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली की वॉर्डबॉयसाठी वही ठेवायची असेल तर जरूर ठेवा, बाईजवळ बसलेले तास त्यात घालू नका. भाची म्हणाली की दोन्ही तास एकाच अंगावर पडतात. गाडीला तासभर उरला होता, स्टेशनवर जायला रिक्षा बोलवायची होती, आणि दोघी अजून त्याच ओळीवर अडून होत्या.